वरच्या मजल्याचं मीटर

"देव तुम्हीच हलवा वहिनी. मी हात नाही लावत," वायरमन रऊफभाई स्टुलावरून म्हणाला आणि हातात टेस्टर धरून भिंतीकडं बघत राहिला.

मी देव ताटात काढून घेतले, वर पदर घातला आणि बाजूला उभी राहिले. रऊफभाईनं देव्हारा पुढं ओढून मागं बॅटरी मारली. मागं निघालं काय, तर उदबत्तीची रिकामी पुडी आणि एक पाल. पालीला बिचारीला वाटलं असेल, आपल्याच नावानं वॉरंट निघालं आहे. ती माळ्याकडं पळाली.

"इथं तर काहीच नाही मास्तर!" त्यानं खिडकीतून खाली सांगितलं.

"फ्रीजच्या मागं बघ. न्हाणीत बघ," अंगणातून नानांचा आवाज आला. "माळा राहिला का? माळाही बघ."

एप्रिल सरत आला होता आणि अकोला तापायला लागलं होतं. ती वेळ आमच्या गल्लीत गच्चीवर पाणी मारायची. सगळी गल्ली पाइप आणि बादल्या घेऊन वर चढायची, म्हणजे रात्री अंथरूण टाकलं की पाठ भाजू नये. समोरच्या बोंडेबाईंची गच्ची त्या दिवशी पोहण्याएवढी भिजली. पाइप एकाच जागी धरून त्या माझ्या खिडकीत बघत होत्या. फ्रीज भिंतीपासून ओढला गेला आणि त्यामागची जळमटं सगळ्या गल्लीनं पाहिली. पलंग सरकला. त्याखालचे डबे, फाटकी चादर, माझ्या सात वर्षांच्या स्नेहलची हरवलेली एक चप्पल, सगळं उजेडात आलं. "आई, सापडली, सापडली!" म्हणून ती पोरगी चप्पल हातात घेऊन नाचायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

रऊफभाई माझ्या घरात शोधत होता ती चोरून घेतलेल्या विजेची वायर.

आमचं घर दुमजली. खाली माझे थोरले दीर नाना गावंडे आणि माझी जाऊ माई, वर मी आणि स्नेहल. माझे यजमान दिगंबर वणीकडे कोळशाच्या खाणीवर नोकरीला, महिन्याकाठी एकदा यायचे. मी एका महिला पतसंस्थेत काउंटरवर बसायची. विजेचं बिल एकच, नानांच्या नावाचं. वरच्या मजल्यावर किती वीज जळते हे कळायला जिन्याच्या तोंडाशी एक छोटं सबमीटर बसवलेलं होतं. त्यावरचा आकडा बघून माझा वाटा मी द्यायची, उरलेलं सगळं नानांचं. इतकी वर्षं यावरून कधी एक शब्द झाला नव्हता.

झाला असता तरी तो माझ्यापर्यंत थेट आला नसता म्हणा. आमच्याकडं भासऱ्यापुढं धाकट्या भावाच्या बायकोनं उभं राहू नये, बोलू नये अशी रीत. नाना मला कधी नावानं हाक मारत नसत, मी त्यांच्याशी कधी बोलत नसे. आमच्या मधे माई. मी दाराआड उभी असले तरी नाना म्हणायचे, "तिला विचार, दिगूचं पत्र आलं का?" मग माई माझ्याकडं वळून विचारणार, दिगूचं पत्र आलं का, आणि मी माईला सांगणार, नाही आलं म्हणून सांगा. नानांचे कान तिखट होते, माझे त्याहून तिखट होते, पण माई आमच्या घरातलं टेलिफोन एक्स्चेंज होती आणि तिच्यावाचून लाइन लागत नसे.

नाना हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांना माशांचा नाद लागला. "बाकीच्या मानसायले पत्त्यांचा लागते, आमच्याले मासोळ्यांचा लागला," माई म्हणायची. आधी बैठकीत एक काचेची टाकी आली. मग दोन झाल्या. मग जिन्याखालची मागची खोली रिकामी करून तिथं लोखंडी मांडणीवर टाक्याच टाक्या लागल्या. त्या वर्षी ऐन थंडीत नानांनी नागपूरहून डिस्कस नावाचे मासे आणले. भाकरीसारखे गोल, अंगावर निळ्या रेघा आणि नखरे नव्या सुनेचे. त्यांना गार पाणी सोसत नाही, म्हणून प्रत्येक टाकीत एक हीटर सोडला. मासे टिकले. नाना गल्लीभर सांगत सुटले, अकोल्यात डिस्कस जगवून दाखवले म्हणून.

मार्च लागला तशी त्यांना उलटी काळजी लागली. आमचा उन्हाळा माणसांना सोडत नाही, तिथं माशांची काय कथा! पाणी तापून जीव उकडून निघतील म्हणून नानांनी त्या खोलीच्या खिडकीत मोठा लोखंडी कूलर बसवला. वारा पाण्यावरून खेळावा म्हणून टाक्यांवरची झाकणं काढून ठेवली. दिवसरात्र कूलर घरघरायचा. घरातल्या माणसांसाठी बैठकीत नुसता पंखा, तोही गरगर कमी आणि कुरकुर जास्त. येईल त्याला नाना आत नेऊन टाकीतला थर्मामीटर दाखवायचे. "बाहेर चव्वेचाळीस, पाणी एकोणतीस! नियोजन लागतं." आणि खरंच, पारा एकोणतिसावरून हलत नसे.

त्या खोलीत गेलं की मात्र अकोल्यात बसून मुंबईचा घाम यायचा. भिंतीला ओल धरली, रंगाचे पापुद्रे सुटले, दार फुगून चौकटीत अडकायला लागलं. त्यावर नानांचं म्हणणं, वरची न्हाणी झिरपते. मी न्हाणीत पाणी जपून वापरायला लागले. ओल काही कमी झाली नाही.

आणि मग बिल आलं. दुपटीच्याही वर. नानांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन सबमीटर पाहिलं, तिथं आकडा नेहमीएवढाच. आता विज्ञानाच्या मास्तरांनी हिशेब मांडला तो असा, की खाली एक कूलर तेवढा वाढला, त्यानं एवढं बिल येत नाही, वरचं मीटर सांगतं नेहमीएवढंच, तरी मोठं मीटर दुप्पट फिरलं. म्हणजे वरच्या मजल्यावर कुणीतरी सबमीटरच्या अलीकडूनच वायर घेतली आहे. वरच्या मजल्यावर कुणीतरी म्हणजे मी आणि स्नेहल. त्यातली स्नेहल दुसरीत होती.

रऊफभाईला अखेर काहीतरी सापडलंच, ते जिन्यात. वरच्या वळणावर एक जुना प्लग होता, तो खालच्या लाइनवर. त्याच्याशेजारी माझी इस्त्री उभी.

नाना जिन्याच्या खालच्या पायरीशी आले. "विचार तिला, हे काय आहे."

माई त्यांच्या मागं उभी होती. माझ्या खोलीतल्या प्लगातून ठिणग्या उडतात हे माईला ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात तिनंच मला म्हटलं होतं, "इथं जिन्यात कर वो इस्त्री. एका साडीले अशी किती जळते?" तेव्हापासून कामावर जाताना मी तिथं रोज एका साडीवरून इस्त्री फिरवून घेत होते. मी माईकडं पाहिलं. माई आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत होती.

"माई, नानांना सांगा," मी म्हटलं, "एक साडी करते रोज. दुसरं काही नाही."

पुढचं मी बोलले नाही. तुम्हीच तर सांगितलं होतं, एवढं म्हणायला काय जात होतं? पण थोरल्या जावेला नवऱ्यापुढं आणि गल्लीपुढं उघडं पाडायला माझी जीभ रेटली नाही. वाटलं, ती आपणहून सांगेल. माईनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "एक साडी करते म्हनते." बस. आमचं एक्स्चेंज त्या दिवशी अर्धंच चाललं.

"एका साडीनं बिल दुप्पट नाही होत," नाना म्हणाले. आवाज वर्गात बोलायचा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "एक सापडलं म्हणजे दुसरं असणारच. आज नाही सापडलं, उद्या सापडेल. तिला म्हण, आपल्या घरात आजपर्यंत चोर नव्हता."

बोंडेबाईंच्या पाइपातलं पाणी गच्चीवरून खाली गल्लीत सांडत होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

दिगंबरला मी दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "दादानं बापाच्या जागी उभं राहून शिकवलं मला. तू बोलू नको. मागतील तेवढं देऊन टाक."

"दिलं म्हणजे मी चोर ठरले."

"कोण म्हणते तुले चोर?"

"तुमचा भाऊ."

पलीकडं खाणीतल्या मशिनींचा आवाज ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "आलो की पाहू," आणि फोन ठेवला. माझ्या नवऱ्यानं सुद्धा "तू असं करणार नाहीस" एवढं म्हटलं नाही, हे मला त्या चोरीच्या आळापेक्षा जास्त लागलं.

मग मी हट्टाला पेटले. होऊन जाऊ द्या, म्हटलं, बघू कुणाची वीज कोण खातं. वरचा माझा कूलर बंद केला. फ्रीज बंद करून रिकामा केला. तो भिंतीपासून ओढलेला तसाच उभा होता. परत लोटायला गेले की रऊफभाईची बॅटरी आणि बोंडेबाईंचा पाइप आठवायचा, हात पुढं व्हायचे नाहीत. स्वयंपाकघरात जाता येता त्याचा कोपरा कमरेला लागायचा. पाणी माठातलं प्यायचं, पाट्यावर चटणी वाटायची, संध्याकाळी एक दिवा. साडी चुरगळलेली नेसून मी काउंटरवर बसायला लागले. स्नेहलची पाठ घामोळ्यांनी लाल झाली. मी तिला मुलतानी माती लावायची, ती रडत म्हणायची, "आई, कूलर लाव ना," आणि मी तिला रागवायची. गल्लीतल्या बायका नळावर माझ्याशी बोलायच्या, पण आधी चालू असलेलं बोलणं थांबवून.

पुढचं बिल आलं. ते आधीच्यापेक्षा जास्त होतं.

वरचं सबमीटर जवळजवळ जागचं हललंच नव्हतं. नाना त्याच्यापुढं उभे राहून म्हणाले, "आता तर मीटरच बंद पाडलं! वर दोन माणसं राहतात, कूलर आहे, फ्रीज आहे, अन् मीटर फिरत नाही!" मी वर दाराआड उभी राहून ऐकत होते. निर्दोष ठरायला जे केलं तेच माझ्या गळ्याशी आलं. कूलर बंद आहे, वर येऊन बघा, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण नाना वर येणार नव्हते. लग्न होऊन मी आले तेव्हापासून नानांनी धाकट्या भावाच्या बिऱ्हाडाची पायरी चढली नव्हती, रीत म्हणजे रीत.

"दिगू आला की त्याला सांगून टाक," ते माईला म्हणाले. "त्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं. मला रोज उठून हे पाहवत नाही."

हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. स्नेहल इथंच जन्मली. इथून मला चोर म्हणून निघावं लागणार होतं, आणि मागं गल्लीत तेच नाव राहणार होतं.

दिगंबर यायच्या आधी वाशीमला माईच्या भाच्याचं लग्न निघालं. दोघांना दोन दिवस जायचं होतं आणि माशांना खायला घालायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायची पाळी आली. मी जिन्यात उभी, नाना अंगणात, माई मधे.

"तिला म्हण, चिमूटभर घालायचं. जास्त घातलं तर पाणी नासतं."

"चिमूटभर घाल म्हनते वो. जास्तीचं नको."

"अन् कशालाही हात लावायचा नाही."

"कशाले हात लावू नको म्हनते."

"नाही लावत म्हणावं," मी म्हटलं.

दुपारी पतसंस्थेतून जेवायला घरी आले की मी खाली जायची. लोडशेडिंगचे दिवस होते. पहिल्या दुपारी खोलीत शिरले तेव्हा वीज नव्हती. जाड पडदे ओढलेले, कूलर मुका, ओल्या भिंतीचा वास. हवेचा बारीक पंप तेवढा इन्व्हर्टरवर बुडबुडत होता. माझी चाहूल लागली तसे ते गोल मासे काचेशी आले. मी चिमूट सोडली. माझ्यावर त्यांचा काही संशय नव्हता. मी स्टुलावर बसून राहिले, घाम पुसत, आणि कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी नुसतं बघत होतं, संशयानं नाही, म्हणून मला रडू आलं.

तेवढ्यात वीज आली. कूलरनं घरघर सुरू केली आणि टाक्यांमधे, दगडांच्या मागं अगदी खाली, एकेक लाल ठिपका लागत गेला. प्रत्येक टाकीत एक. मला वाटलं, नानांनी माशांसाठी गणपतीसारखी रोषणाई केली आहे. दुसऱ्या दुपारीही ते ठिपके तसेच जळत होते. मी कशाला हात लावला नाही.

दोघं परत आल्यावर मी किल्ली द्यायला खाली गेले. नाना जेवत होते, मी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहिले. माईनं माझ्या हातावर लग्नाचे लाडू ठेवले.

"माई, नानांना सांगा, मासे ठीक आहेत. आणि विचारा, त्या दगडांमागच्या लाल लाइटी सुरूच ठेवायच्या असतात का? मी काही बंद केल्या नाहीत."

"कोनत्या लाइटी वो?"

"टाक्यांमधल्या. सगळ्या टाक्यांमधे आहेत."

माई आत वळली. "ते म्हनते, लाल लाइटी..."

"ऐकलं," नाना म्हणाले.

माझं बोलणं थेट आपल्याला ऐकू येतं, हे नानांनी आमच्या घरात पहिल्यांदाच कबूल केलं. त्यांचा हात भाकरीवर तसाच होता.

"विचार तिला, केव्हा पाहिल्या."

"दोन्ही दिवस," मी दाराबाहेरूनच म्हटलं. "भर दुपारी."

नाना उठले. अर्धी भाकरी ताटात टाकून नानांनी उठणं ही आमच्या घरात घडणारी गोष्ट नव्हती. हात न धुता ते मागच्या खोलीत गेले आणि ते फुगलेलं दार त्यांनी आतून ओढून लावलं.

मला वाटलं, नक्कीच माझ्या हातून काहीतरी बिघडलं. जरा वेळानं कूलरची घरघर थांबली. मी जिन्यातून वाकून पाहिलं, तर नाना मोठ्या मीटरपुढं उभे होते. खोलीत जात, काहीतरी करत, परत मीटरपाशी येऊन त्यातली चकती बघत. माईनं दिलेला चहा तिथंच ओट्यावर गार झाला. नंतरचे दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, माईशीही नाही. माई वर येऊन मला म्हणाली, "काय झालं यायले समजत नाही बाप्पा. दाढी सुद्धा नाही केली." मी मनातल्या मनात सामान बांधायला लागले.

तिसऱ्या संध्याकाळी गल्ली गच्चीवर चढलेली असताना रऊफभाईची सायकल आमच्या फाटकाशी लागली. मी खिडकीतून पाहिलं, आणि काही विचार न करता देव्हाऱ्यापाशी जाऊन देव ताटात काढायला लागले. बाळकृष्ण दोनदा निसटला.

"रऊफ, वर नाही," खालून नानांचा आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंतचा. "खाली चल. माझ्या घरात."

मी ताट तसंच हातात धरून जिन्याच्या खिडकीशी आले.

"फ्रीज ओढ," नाना म्हणाले.

"मास्तर, तुमच्या घरात कायले?"

"ओढ म्हणतो ना. वर ओढला होता तसा. पलंग ओढ. न्हाणी बघ. देव्हारा ओढ."

माईनं तिच्या देवांचं ताट काढून पदराखाली धरलं. बैठकीची दारं-खिडक्या नानांनी सताड उघडून ठेवल्या होत्या. बोंडेबाईंनी नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून. रऊफभाई खाली मान घालून एकेक वस्तू ओढत होता, आणि तपकिरी बनियन घातलेले, दोन दिवसांची पांढरी दाढी वाढलेले नाना अंगणात उभे राहून त्याला सांगत होते, इथंही बघ, तिथंही बघ. मग ते स्वतः मागच्या खोलीत गेले आणि काचेच्या नळ्या मुठीत धरून बाहेर आले. वायरी लोंबत होत्या, पाणी गळत होतं. त्यांनी त्या अंगणातल्या बाजेवर टाकल्या.

"ही बघ चोरी," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघा. वर नव्हती. माझ्या खोलीत होती."

रऊफभाईनं वाकून एक नळी उचलली.

"हे थंडीतले हीटर. पाणी गार झालं की आपोआप लागतात, लाल लाइट पेटते, तापलं की आपोआप बंद होतात. उन्हाळ्यात कशाला लागतील, म्हणून मी काढलेच नाहीत. अन् वरून कूलर लावला, झाकणं काढली. वारा पाण्यावरून गेला, पाणी वाफ होऊन उडालं, टाकीतलं पाणी गार पडलं. हीटरांना वाटलं, थंडी आली. कूलर गार करून राहिला, हीटर तापवून राहिले, भर वैशाखात, एकाच मीटरवर! अन् मी पारा पाहून मिशीला पीळ देत होतो." ते थांबले. "माठातलं पाणी थंड काहून होतं, हे आठवीच्या पोरांना मी जन्मभर शिकवलं. भिंतीची ओलही तीच वाफ. वरची न्हाणी नाही."

महिनाभर मी हेच मागत होते. अंथरुणावर पडून मी हा देखावा पुन्हा पुन्हा रचला होता, सगळी गल्ली गच्चीवर, नाना मान खाली घालून अंगणात, आणि मी वर खिडकीत ताठ उभी. सगळं तसंच होतं, आणि मला बघवत नव्हतं. बनियनवर माशांच्या पाण्याचे डाग पडलेला तो म्हातारा माणूस, ज्याला गल्लीतली निम्मी माणसं अजून उठून नमस्कार करत, बाजेवरच्या नळ्यांकडं बोट दाखवून स्वतःला चोर म्हणवून घेत होता. लाजेनं माझे कान तापले. माझ्या घराची झडती झाली तेव्हा सुद्धा मला इतकी लाज वाटली नव्हती.

तोच माई पुढं आली. देवांचं ताट हातात, आवाज इतका बारीक की नानांना वाकावं लागलं.

"इस्त्रीचंही सांगून टाकते. जिन्यात कर म्हनून मीच सांगतलं होतं तिले. त्या दिवशी माह्या तोंडून निघालंच नाही. तिनं माहं नाव घेतलं नाही."

नाना तिच्याकडं बघत राहिले. मग जिन्याच्या तोंडाशी आले, त्या छोट्या मीटरच्या खाली, आणि वर पाहून म्हणाले, "कुंदा."

माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मधे कुणी नव्हतं.

"कुंदा, मी तुला सगळ्यांसमोर चोर म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोर..." आणि त्यांचे ओले हात एकमेकांजवळ यायला लागले.

मी पायऱ्या उतरले. डोक्यावर पदर ओढला, त्यांच्यासमोर गेले नाही, कडेनं जाऊन माईच्या शेजारी उभी राहिले आणि तिच्याकडं तोंड करून म्हटलं, "माई, नानांना सांगा, हात खाली करा म्हणावं."

माई रडत होती. तिनं नाक ओढलं आणि वळली. "ते म्हनते, हात खाली करा."

"आणि म्हणावं, चहा ठेवते. वर या."

"चहाले वर या म्हनते."

नाना माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. त्यांचे हात खाली गेले. "बरं म्हण तिला," ते म्हणाले, आणि चपला जिन्याखाली काढून पहिल्यांदाच माझ्या घराच्या पायऱ्या चढायला लागले.

वर आल्यावर मी आधी देव जागेवर ठेवले, मग गॅसवर आधण. नाना स्वयंपाकघराच्या दारातच थांबले होते. बंद पडलेला कूलर, माठ, स्नेहलची लाल पाठ, त्यांनी सगळं पाहिलं. आणि भिंतीपासून सुटून मधेच उभा असलेला तो फ्रीज पाहिला. ते त्याच्याजवळ गेले आणि दोन्ही हातांनी तो मागं लोटायला लागले. एक पाय फरशीच्या फटीत अडकला होता, फ्रीज हलेना. ते जोर लावत राहिले.

मी गॅस बारीक केला, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं हात लावला.